‘घरांचे भाव वाढलेत’ हे खरं का, ते असं तपासा

घरमालक, एजंट आणि भाडेकरू एकाच गल्लीतले तीन वेगळे भाव सांगतात, कारण प्रत्येकाचं हित वेगळं. जाहिरातीतला आकडा ही फक्त विकणाऱ्याने मागितलेली किंमत असते. सौदा बहुधा त्याखालीच ठरतो.

म्हणून महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरच्या ई-सर्चमध्ये, म्हणजे नोंदलेले दस्त शोधायच्या सोयीत, जा. जिल्हा, गाव, वर्ष आणि सर्व्हे किंवा सीटीएस (नगर भूमापन) क्रमांक भरून त्याच इमारतीतल्या, नाहीतर शेजारच्या, पाच-सहा विक्री व्यवहारांची सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, काढा. त्यातला ‘मोबदला’ (दस्तात लिहिलेली किंमत) भागिले क्षेत्रफळ, हा तुमचा दर. त्याच सूचीतला ‘बाजारभाव’ सरकारी मूल्यदर तक्त्यावरून (रेडी रेकनर) येतो, तो घेऊ नका. बक्षीसपत्र, हक्कसोड वगळा, त्या विक्री नव्हेत.

खरी गफलत क्षेत्रफळात होते. एका दस्तात कार्पेट (घराच्या आतली वापरायची जागा), दुसऱ्यात बिल्टअप (भिंतींसकट). काहींत पार्किंगही मोबदल्यात धरलेलं. सगळं कार्पेटवर आणा. चौरस मीटरला 10.764 ने गुणलं की चौरस फूट.

मग महागाई. 50 लाखांचं घर पाच वर्षांनी 60 लाखांना गेलं की सोसायटीत पेढे वाटतात. वर्षाला 5 टक्के महागाई धरली तर नुसती बरोबरी साधायलाच जवळपास 64 लाख हवेत.