सोलर चार्जिंग कमी होतंय? आधी बॅटरी बघा

पॅनलला दोष देण्याआधी बॅटरी किती भरली आहे ते बघा. बॅटरी भरत आली की चार्ज कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीच्या मधे बसून चार्जिंग सांभाळणारा डबा) स्वतःच करंट कमी करतो, आणि भर उन्हात आकडा खाली दिसतो. भर दुपारी एखादा मोठा लोड चालू करा. वॅट लगेच वर गेले तर सिस्टिम ठणठणीत आहे.

नाही वाढले, तर मल्टीमीटर घ्या. चार्जिंग चालू असतानाच कंट्रोलरच्या बॅटरी टर्मिनलवर आणि नंतर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. १२ व्होल्टच्या सिस्टिममध्ये अर्ध्या व्होल्टचा फरक म्हणजे वायर बारीक आहे, नाहीतर कुठेतरी जोड सैल. हिरवट-पांढरा गंज धरलेला लग (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) हमखास सापडतो. घासून घट्ट करा, पण त्याआधी दोन्ही सोडवा: पहिल्यांदा पॅनल, मग बॅटरी.

धूळ पुसाच, सावलीही बघा. पॅनलच्या कोपऱ्यावरची सावलीसुद्धा बरंच आउटपुट खाते.

आणि कंट्रोलर पीडब्ल्यूएम (साध्या, स्वस्त प्रकारचा) असेल तर १०० वॅटच्या पॅनलकडून १०० वॅटची अपेक्षाच ठेवू नका. तो पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खेचतो: पॅनलचा साडेपाच अँपिअर करंट गुणिले बॅटरीचे १३ व्होल्ट, म्हणजे जेमतेम ७२ वॅट.