ठमीचं बाळंतपण

आमच्याकडे मांजर गाभण आहे हे नेहमी पोट दिसायला लागल्यावर कळायचं. तोवर निम्मे दिवस सरलेले असतात. या खेपेला ठमी माजावर आली, रात्रभर ओरडत लोळत होती आणि मागच्या पत्र्यावर दोन बोके ठाण मांडून बसले होते, तेव्हाच मी ब्लाऊजच्या मापांच्या वहीत शेवटच्या पानावर तारीख लिहून ठेवली, 2 मार्च. मांजरीचे दिवस साधारण 63 ते 65, दोनचार दिवस इकडेतिकडे. ठमी 5 मेला पहाटे व्यायली. तारीख हाताशी असली की पुढचं सगळं वेळेवर होतं, म्हणून पहिलं काम हे.

तारीख हुकली असेल तर आचळं बघा. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ती गुलाबी होऊन फुगतात, पहिलटकरणीची तर चटकन नजरेत भरतात. पोट दाबून पिल्लं चाचपायला जाऊ नका, इजा होते. सोनोग्राफीत चौथ्या आठवड्यात नीट दिसतं. 45 दिवसांनंतर एक्सरे काढला तर पिल्लं मोजता येतात. घरच्यांनी "मांजराचा कसला एक्सरे" म्हटलं तरी मी या वेळी काढून घेतला. चार पिल्लं होती. त्या चारच्या आकड्यानेच ठमी वाचली, ते पुढे सांगते.

खाण्याचं सोपं आहे. पहिला महिना नेहमीचंच. पुढे भूक वाढते, पण पिल्लांनी पोट व्यापल्यामुळे एका वेळी फार जात नाही. म्हणून दिवसातून चारपाच वेळा थोडं थोडं द्यायचं. मी लहान पिल्लांसाठी मिळतं ते कोरडं खाणं आणते, कारण गाभण मांजरीला लागणारं सगळं त्यात प्रमाणात असतं. वर बिनमिठाची उकडलेली कोंबडी, नाहीतर काटे काढलेला बांगडा. नुसत्या मासळीवर ठेवू नका. कच्ची कलेजी रोज तर नकोच, त्यातलं अ जीवनसत्त्व जास्त झालं तर पोटातल्या पिल्लांना बाधतं. कांदा-लसूण घातलेलं कालवण त्यांच्यासाठी विषच. गाई-म्हशीचं दूध बऱ्याच मोठ्या मांजरांना पचत नाही, जुलाब होतात. त्यापेक्षा दोन ठिकाणी स्वच्छ पाणी ठेवा.

सासूबाई प्रेमाने डिंकाचा लाडू कुस्करून द्यायला निघाल्या होत्या, शेजारच्या काकूंनी कॅल्शियमच्या गोळ्या सुचवल्या. दोन्ही मी थांबवलं. गाभणपणी वरून कॅल्शियम दिलं तर हाडांतलं कॅल्शियम बाहेर काढायची शरीराची सवय मंदावते, आणि पान्हा फुटल्यावर एकदम कमी पडून मांजरीला झटके येऊ शकतात. औषधाचं तर मनानेच काही करायचं नाही. आपली तापाची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजरीचा जीव घेते. कुत्र्यांच्या पिसवांच्या कित्येक औषधांत परमेथ्रिन असतं, तेही तसंच. जंताचं औषध आणि लसी पशुवैद्याला विचारून. काही लसी गाभणपणी देतच नाहीत.

त्याच दिवसांत माझी लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. येणारी जाणारी प्रत्येक बाई म्हणायची, मांजर आधी घालवा. भीती उगाच नाही. मांजरीच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या बारीक परजीवी जंतूंचा संसर्ग होऊ शकतो आणि तो पोटातल्या बाळाला घातक असतो. पण ताज्या विष्ठेतले ते जंतू संसर्गजोगे व्हायला निदान एक दिवस लागतो. म्हणून वाळूचा ट्रे रोजच्या रोज साफ करायचा, आणि तो गर्भार बाईने नाही, दुसऱ्या कुणीतरी, साबणाने हात धुऊन. आमच्याकडे ते काम ह्यांनी घेतलं. ठमीला कच्चं मटण बंद केलं, लेकीला कुंड्यांतल्या मातीत हात घालू दिला नाही, भाज्या धुऊनच चिरल्या. ठमी घरातच राहिली. गाभण मांजर रस्त्यावर सोडणं मला कधीच जमणार नाही.

आता जागा. व्यायच्या दोन आठवडे आधी खोकं तयार हवं, म्हणजे तिला त्याचा वास ओळखीचा होतो. ती पाय ताणून आडवी होऊ शकेल एवढं मोठं घ्या. पुढची बाजू कापताना खाली चारपाच इंच काठ ठेवा, म्हणजे पिल्लं बाहेर घरंगळत नाहीत. माझं खोकं कटिंगच्या टेबलाखाली, भिंतीकडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात होतं. खाली वर्तमानपत्रं, वर जुन्या सुती लुंगीच्या घड्या. खोकं आणि आसपासची फरशी फिनेलने पुसू नका, मांजरीला ते बाधतं. साध्या साबणाचं पाणी पुरे.

आणि चिंध्या मुळीच घालू नका. दोन वर्षांपूर्वी मी मऊ म्हणून कापडाच्या कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनखालच्या कातरणांनी खोकं भरलं होतं. तिसऱ्या दिवशी एक पिल्लू सारखं किंचाळतंय म्हणून उचललं, तर मागचा एक पाय दुप्पट सुजलेला, जांभळट, आणि घोट्यावर कातडीत रुतलेला दोरा. तो डोळ्यांना दिसतही नव्हता, बोटाला लागला. दोरे तोडायच्या बारीक कात्रीचं टोक आत सरकवायला मला पाच मिनिटं लागली. पाय वाचला, एक बोट गेलं. दोऱ्यांत माझा जन्म गेला आणि हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. टर्किशच्या टॉवेलच्या फासांतही नखं अडकतात, तोही नको.

दिवस भरले की मांजर खाणं सोडते, कापड उकरते, तुमच्या मागेमागे फिरते, नाहीतर कुठेतरी दडते. कळा सुरू झाल्या की लांब बसा, दिवा मंद ठेवा, शेजारच्या मुलांना बोलावू नका. पिल्लावरची पातळ पिशवी फाडणं, नाळ तोडणं, चाटून पिल्लाला रडवणं, सगळं तीच करते. वार, म्हणजे पिल्लामागून पडणारा नाळेचा गोळा, तिने खाल्ली तर खाऊ द्या, मात्र पिल्लागणिक एक वार पडली का ते मोजा. पिशवी तोंडावर तशीच राहिली आणि ती बघत नसेल, तरच हात घालायचा: तोंडाकडून पिशवी फाडा, नाक-तोंड पुसा, सुती फडक्याने पाठ चोळा. नाळ पोटापासून इंचभरावर दोऱ्याने बांधून त्यापलीकडे कापा. मी उकळलेला पांढरा सुती दोरा आणि उकळलेली कात्री वाटीत झाकून ठेवते. पिल्लू किंवा नाळ ओढायची नाही.

ठमीचं तिसरं पिल्लू पावणेपाचला आलं. मग ती निवांत पडून पाजत होती. असं मध्ये थांबणं चालतं. साडेसहाला पुन्हा जोर लावायला लागली. वीस मिनिटं झाली, काहीच नाही. वहीत चार लिहिलेलं नसतं तर वारेचा जोर असेल म्हणून मी अजून तासभर वाट पाहिली असती. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले लगेच घेऊन या. तिला पिल्लांसकट टोपलीत घेऊन रिक्षाने गेलो. चौथं पिल्लू आडवं अडकलं होतं. ते जिवंत निघालं नाही, ठमी वाचली. तेव्हा हे पाठच करा: वीस-तीस मिनिटं जोराच्या कळा येऊन पिल्लू आलं नाही, पहिल्या पिल्लाआधीच हिरवट पाणी गेलं, किंवा लाल रक्त वाहत राहिलं, तर तडक डॉक्टर. रात्री कोण येतं त्यांचा नंबर आधीच लिहून ठेवा.

पहिल्या अर्ध्या दिवसात प्रत्येक पिल्लाच्या पोटात चीक गेला पाहिजे. पिल्लू जन्मतः साधारण 100 ग्रॅमचं असतं आणि रोज दहाएक ग्रॅमने वाढतं. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाटी ठेवून रोज एकाच वेळी वजन घेते. वजन घटलं की दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. पाजणाऱ्या आईला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागतं, हात आखडू नका. आचळ गरम, कडक झालं किंवा ती थरथरायला, अडखळायला लागली तर त्याच घटकेला दवाखाना.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. ती फिरवते ते जागा धड वाटत नाही म्हणून. पहिला आठवडा वजनापुरताच हात लावला तर ती तिथेच राहते. ठमीने एकदाही खोकं बदललं नाही. डोळे सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास उघडतात, बोटांनी उघडायचे नाहीत.

शेवटचं, आणि हे बहुतेकांना ठाऊक नसतं: पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहते. पिल्लं आठ आठवड्यांची होऊन दूध सुटलं की ऑपरेशन करून घ्या. ठमीची तारीख घेतली आहे. तोवर पत्र्याकडची खिडकी आम्ही संध्याकाळी साडेसहालाच लावून घेतो.