कापडी पॅडसाठी कापड टेस्ट करताय? या चुका टाळा

नवं कोरं कापड आणायचं, त्यावर पाणी टाकायचं आणि पाणी घरंगळलं की "हे शोषतच नाही" म्हणून बाजूला ठेवायचं, ही सगळ्यात कॉमन चूक. अहो, कोऱ्या सुती कापडावर खळ असते, कापसाचं स्वतःचं मेणही असतं, ते निघाल्याशिवाय कापड शोषणार कसं? इंदूरच्या एमटी क्लॉथ मार्केटमधून फ्लॅनेल, टेरी काहीही आणा, आधी तीन-चार वेळा धुवून वाळवा. धुण्याआधी पेनने 10 बाय 10 सेंटीमीटरचा चौकोन आखून ठेवलात तर किती आटलं तेही कळतं, नाहीतर शिवल्यावर एक थर आटतो, दुसरा नाही आणि पॅड वेडंवाकडं होतं.

दुसरी चूक म्हणजे साध्या पाण्याने टेस्ट. रक्त पाण्यापेक्षा घट्ट असतं आणि हळूहळू येतं, अख्ख्या पाळीत साधारण 30 ते 40 मिली, त्यामुळे ग्लासभर पाणी ओतून काहीच कळत नाही. पाण्यात थोडं कॉर्नफ्लॉवर उकळून ते किंचित घट्ट करा, थंड झालं की बिनसुईच्या सिरिंजने 5 मिली थेंब थेंब सोडा, पाच मिनिटांनी वर टिश्यू ठेवा आणि त्यावर एक किलो तूरडाळीचं पाकीट. हे वजन ठेवाच, कारण बाई पॅड लावून बसते, स्कूटर चालवते! मायक्रोफायबर इथेच उघडं पडतं, टेबलावर भरपूर पितं पण दाबलं की सगळं टिश्यूवर, आणि तसंही ते बहुतेक पॉलिस्टरच.

बांबू लिहिलंय म्हणून डोळे झाकून घेऊ नका. बाजारातलं बहुतेक बांबू कापड व्हिस्कोस असतं, म्हणजे बांबूचा लगदा विरघळवून काढलेला धागा, आणि तो बनवायला कार्बन डायसल्फाइडसारखं विषारी केमिकल लागतं. शोषतं छान, पण ओलं झालं की कमजोर पडतं, म्हणून आतल्या थरातच बरं. सुती म्हणून पॉलिस्टर गळ्यात मारलंय असं वाटलं तर दोन धागे जाळून बघा, सुती धाग्याची राख होते, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते.

वापरातलं पॅड अचानक शोषेनासं झालं तर कापडाला दोष देण्याआधी धुणं बघा. बोरिंगच्या जड पाण्यात साबणाचा चिकट थर बसतो, फॅब्रिक सॉफ्टनरनेही तेच होतं. सॉफ्टनर बंदच करा, साबणाऐवजी थोडी डिटर्जंट पावडर घ्या आणि शेवटचं खंगाळणं नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यात करा.

विकायला बनवत असाल तर आयएस 17514:2021 हे रीयूझेबल पॅडचं भारतीय मानक आहे, तेव्हा मात्र घरच्या टेस्टवर न थांबता लॅबमधून तपासून घ्या.