जोड कोण ठरवतं, ते आधी बघा

संध्याकाळचा बॉक्सिंगचा सराव संपला की आमची पोरं पार्क चौकात चहाला थांबतात आणि कप हातात यायच्या आधीच वाद पेटतो. अमेरिकेचा मेवेदर फिलिपिन्सच्या पॅकियाओला घाबरला होता का? ब्रिटनचे फ्युरी आणि जोशुआ भर उमेदीत समोरासमोर का आले नाहीत? "घाबरला नसता तर २०१० लाच लढला असता की बे!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की कोण म्हणतंय हे न बघता सांगू शकतो. मला हे वाद आवडतात. दहावीत असताना मीही असाच भांडायचो. पण सोलापुरात नव्याने ग्लोव्ह्ज घालणाऱ्या मुला-मुलींना आणि त्यांच्या आई-वडिलांना मला सांगायचंय की या भांडणात तुमच्या कामाची एक गोष्ट दडलेली आहे आणि ती बहुतेक वेळा हातातून निसटते.

मेवेदर-पॅकियाओचंच घ्या. २००९ च्या अखेरीस बोलणी चालू होती, मार्च २०१० मध्ये लढत व्हायची होती. उत्तेजकांसाठीची रक्तचाचणी कधी आणि कशी घ्यायची यावरून ती फिसकटली. शेवटी दोघं रिंगमध्ये उतरले ते २ मे २०१५ ला, लास व्हेगासमध्ये. तोवर मेवेदर ३८ वर्षांचा आणि पॅकियाओ ३६ वर्षांचा झाला होता. मेवेदर तिन्ही पंचांच्या गुणांवर जिंकला. कोणाच्या मनात भीती होती हे चहाच्या टपरीवरून कळणार नाही. पण पाच वर्षांपूर्वीचे ते पाय आणि तो वेग त्या रात्री दोघांकडेही नव्हता, हे कोणालाही दिसलं.

रिडिक बो आणि लेनॉक्स लुईस या दोन हेवीवेट बॉक्सरांची गोष्ट मला जास्त लागते. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत लुईसने बो याला दुसऱ्याच राउंडमध्ये थांबवलं होतं. नोव्हेंबर १९९२ मध्ये बो होलीफिल्डला हरवून जगज्जेता झाला आणि लुईसला आव्हान द्यायचा हक्क मिळालेला होता. डिसेंबरात लंडनला पत्रकारांसमोर बोने लुईसशी लढण्याऐवजी आपल्या पट्ट्यांपैकी डब्ल्यूबीसी या संघटनेचा पट्टा चक्क कचऱ्याच्या डब्यात टाकला. व्यावसायिक रिंगमध्ये ते दोघं कधीच लढले नाहीत. आता बघा, तेव्हा बोचा प्रशिक्षक होता एडी फच. हा तोच माणूस, ज्याने १ ऑक्टोबर १९७५ ला मनिलात चौदाव्या राउंडनंतर जो फ्रेझरला स्टुलावरून उठू दिलं नाही. समोर अली होता, एकच राउंड बाकी होता, पण फ्रेझरचे डोळे सुजून मिटत आले होते. असा प्रशिक्षक कोपऱ्यात असूनही बोची ती लढत झाली नाही. म्हणजे प्रशिक्षक चांगला असणं आणि जोड, म्हणजे समोरचा प्रतिस्पर्धी, चांगली लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिकडे लढतीचे करार मॅनेजर आणि प्रमोटर करतात, प्रशिक्षक तयारी करून घेतो. आपल्याकडे, जिल्ह्याच्या पातळीवर, ही दोन्ही कामं एकच माणूस करतो. तुमचे सर.

'जोड' हा शब्द मी आजोबांकडून उचलला. ते यंत्रमागावर पाळी करायचे आणि जत्रांच्या दिवसांत गावोगावच्या आखाड्यावर जायचे. वस्ताद आपल्या पठ्ठ्याचा हात वर धरून मैदानात फिरवतो, समोरचा वस्ताद आपला पठ्ठा पुढे करतो. मग दोघं एकमेकांच्या पोराला निरखतात. मानेवर हात ठेवून बघतात, मनगट दाबतात, कान मोडलेत का ते पाहतात. पटलं तर कुस्ती लागते, नाहीतर मान हलवून पुढे जातात. आजोबा म्हणायचे, तोलामोलाची जोड लावली तर हरलेला पठ्ठाही काहीतरी घेऊन घरी येतो.

माझ्या पहिल्या सरांनी माझी जोड कशी लावली ते सांगतो. मी ५४ किलोचा होतो. त्या वजनगटात शहरातलाच एक डावखुरा मुलगा होता, त्याच्यापुढे मी टिकलो नसतो हे खरंच. सरांनी यादी पाहिली आणि म्हणाले, "पन्नासच्या आत ये, तिथं कुणी नाही." स्पर्धेला बारा दिवस होते. ऑक्टोबरच्या उन्हात मी अंगात प्लॅस्टिकचा सूट आणि त्यावर स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारल्या. शेवटचे दोन दिवस पाणी फक्त चूळ भरण्यापुरतं. आई कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढ्यात ठेवायची आणि मी ताट सरकवायचो. वजन बसलं. माझ्या गटात आम्ही दोघंच होतो आणि दुसरा वजनात बसला नाही. एकही ठोसा न मारता मी जिल्ह्यात पहिला आलो. फोटो निघाले, प्रमाणपत्र मिळालं, घरी पेढे वाटले.

विभागाच्या स्पर्धेसाठी पुन्हा तेच. तिथे मात्र समोर खराखुरा बॉक्सर होता. पहिला राउंड कसाबसा निभावला. दुसऱ्यात पाय लाकडासारखे झाले, हात वर राहीना. कोपऱ्यात आलो तर सर दोरीवरून ओरडत होते, "मार, मार, काय बघतो!" पाण्याची बाटली कोणी आणलीच नव्हती. पंचांनी लढत थांबवली. परतीच्या गाडीत टेंभुर्णी येईपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. हरल्याचं दुःख होतंच. त्याहून जास्त हे बोचत होतं की मला बॉक्सिंग येतच नाही, आणि हे माझ्यापासून वर्षभर लपवलं गेलं.

असं का होतं, तेही सांगायला हवं, कारण सगळे सर वाईट नसतात. शालेय स्पर्धेच्या प्रमाणपत्राला दहावी-बारावीत वाढीव गुण असतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात राबणाऱ्या बापाला हे मोठं वाटतं, आणि ते मोठं आहेच. क्लबचं नावही पदकांच्या संख्येवर चालतं. त्यामुळे रिकामा वजनगट शोधणं ही एक कलाच होऊन बसली आहे. मेवेदरवर तावातावाने बोलणारी आमची पोरं स्वतः असाच बाय, म्हणजे न लढता मिळालेला विजय, घेऊन आलेली असतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

दुसरे सर मला नंतर मिळाले. त्यांनीही त्या डावखुऱ्या मुलाशी मला लगेच लढू दिलं नाही. मी चिडलो, म्हणालो, तुम्हीही टाळताय. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून पुढ्यात ठेवलं. फेब्रुवारीत लढायचं, तोवर आठवड्यातून दोनदा डावखुऱ्यासोबत स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत, तेही हळू. त्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर आपला पुढचा पाय कसा ठेवायचा, एवढं एकच त्यांनी सहा आठवडे घोटून घेतलं. जमिनीवर खडूने रेघ मारायचे, माझा पाय रेघेच्या आत पडला की ठोसे झेलायचं पॅड सर खाली करायचे. पुन्हा पहिल्यापासून. फेब्रुवारीत मी त्याच्याशी लढलो आणि थोडक्यात हरलो. त्या हरण्यातून जे कळलं ते त्या बिनलढतीच्या पदकाने कधीच दिलं नसतं.

म्हणून नवीन मुलांना मी दोन प्रश्न शिकवतो. सरांना आदराने विचारायचं, "सर, ही लढत आत्ता का नको?" आणि मग, "कधी, आणि तोवर मी काय करू?" दुसऱ्या प्रश्नाला तारीख आणि काम मिळालं तर तुमचे सर तुम्हाला घडवतायत. नुसतं "बघू" मिळालं, तेही वर्षभर, तर तुमची जोड टाळली जातेय.

प्रवेश घेण्याआधी एक संध्याकाळ भिंतीला टेकून नुसतं बघा. पट्ट्या बांधताना सर मुलांची बोटं फाकवून, मनगट सरळ आहे का ते तपासतात का? पहिल्याच आठवड्यात कोणाला स्पॅरिंगला उभं करतात का? करत असतील तर तिथून निघा. डोक्याला मार लागून लढत थांबली तर स्पर्धेच्या नियमांत किमान तीस दिवसांची सक्तीची विश्रांती आहे. ती मुलं खरंच बाहेर बसलेली दिसतात का? पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम सरांनी केला असेल तर चांगलंच, पण भिंतीवरच्या कागदापेक्षा कोपऱ्यातलं एक मिनिट जास्त सांगतं.

ते मिनिट कुठल्याही स्पर्धेत फुकट बघायला मिळतं. आधी मुलाला बसवायचं, श्वास लागू द्यायचा, पाणी, मग एक सूचना. फार तर दोन. मिनिटात सहा गोष्टी सांगणाऱ्याची एकही गोष्ट मुलाच्या डोक्यात राहत नाही. हे जगज्जेत्यांच्या कोपऱ्यातही बिघडतं. आपला जुना प्रशिक्षक केव्हिन रूनी याला माईक टायसनने १९८८ मध्ये काढलं. ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत बस्टर डग्लससमोर टायसनचा डोळा सुजत गेला, तेव्हा नव्या कोपऱ्याकडे सूज दाबायची थंड धातूची पट्टीच नव्हती. रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून त्यांनी डोळ्यावर धरलं. दहाव्या राउंडमध्ये टायसन पडला. डग्लस त्या रात्री अप्रतिम लढला, त्याचं श्रेय त्याचंच. पण तो हातमोजा मला विसरता येत नाही, कारण माझ्या कोपऱ्यात बाटली नव्हती.

उलट बाजूचं उदाहरण लुईसचंच आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये ऑलिव्हर मॅकॉलने त्याला दुसऱ्या राउंडमध्ये पाडलं. मॅकॉलच्या कोपऱ्यात होता डेट्रॉइटचा इमॅन्युएल स्टुअर्ड. लुईसने नंतर त्याच स्टुअर्डला आपला प्रशिक्षक केलं आणि १९९७ मध्ये मॅकॉललाही हरवलं. सर बदलणं म्हणजे गद्दारी, असं आपल्याकडे मानतात. पाया पडून, सांगून, रीतसर बदला. आधीच्या सरांविषयी बाहेर वाईट बोलू नका. पण बदला.

आणि लढत मागायला लाजू नका. २०१९ मध्ये ऑलिंपिक पात्रता स्पर्धेसाठी मेरी कोमऐवजी थेट आपल्याला पाठवा असं निखत झरीनने म्हटलं नव्हतं. ५१ किलोत चाचणी लढत घ्या, एवढंच तिने क्रीडामंत्र्यांना पत्र लिहून मागितलं. डिसेंबरात ती लढत झाली आणि निखत ९-१ अशी सपशेल हरली. तेव्हा कितीजण तिला हसले. २०२२ मध्ये ती जगज्जेती झाली, २०२३ मध्ये पुन्हा.

आमच्याकडे सध्या अकरावीतली एक मुलगी आहे. तिच्या वजनगटातली सगळ्यात तयार मुलगी दुसऱ्या क्लबची आहे, दोन वेळा राज्य स्पर्धा खेळलेली. मागच्या आठवड्यात तिचे वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, एक किलो कमी केलं तर खालच्या गटात जाईल ना ती?" मी त्यांना खुर्ची दिली, कॅलेंडर काढलं. मग त्यांच्यासमोरच त्या दुसऱ्या क्लबच्या सरांना फोन लावला आणि विचारलं, रविवारी सकाळी तुमच्या मुलीला घेऊन येता का, तीन राउंड हळू स्पॅरिंग करू. ते म्हणाले, सातला येतो. वडील थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारलं, "मी बघायला आलं तर चालेल का?"