भरलेल्या ऊसगाडीच्या मागे लावायचा फिरत्या रंगाचा दिवा कसा बनवावा

गळीत हंगामात रात्री रस्त्यावर असणाऱ्या बऱ्याच ऊसगाड्यांना दिवा किंवा रिफ्लेक्टर असतो. अडचण एवढीच, की तो साट्याला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, लावलेला असतो. गाडी भरली की उसाची टोकं साट्याच्या मागे बाहेर येतात, वर वाढं (उसाचे हिरवे शेंडे) लोंबतं, आणि रिकाम्या गाडीला दिसणारा दिवा भरल्या गाडीला दिसेनासा होतो. म्हणजे गरज असते तेव्हाच तो झाकलेला. त्यामुळे दिवा गाडीला लावायचा नाही, मालाला लावायचा. या लेखात दिलेला जोड त्याच हिशोबाने आहे: साधी चार्जिंगची बॅटरी (टॉर्च), तिच्या तोंडावर फिरणारी रंगीत चकती, आणि मोळ्यांमध्ये खुपसता येईल असं दोन दातांचं दाताळं.

रंग बदलता यावा, याचं कारण अगदी व्यवहारी आहे. टायरगाडीवाल्या (टायरच्या चाकांची बैलगाडी घेऊन ऊस तोडणाऱ्या) जोडप्याकडे बॅटरी बहुधा एकच असते. पहाटे फडात मोळ्या भरताना पांढरा उजेड लागतो, वाटेत बैलाचा पाय बघायला लागतो, गाडीतळावर (कारखान्याच्या गाड्या थांबायच्या जागी) रांगेत लागतो. तीच बॅटरी रस्त्यावर मागून लाल दिसली पाहिजे. लाल कागद चिकटवला तर कामाला उजेड मिळत नाही, म्हणून तो पहिल्याच दिवशी फाडला जातो.

किती लांबून दिसायला हवा?

ताशी ६० किमी वेगाने येणारी गाडी एका सेकंदात १६ ते १७ मीटर जाते. चालकाला समोर काही आहे हे कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दोन सेकंद धरले, तर तेवढ्यातच ३३ मीटर गेले. कोरड्या डांबरी रस्त्यावर थांबायला आणखी २० मीटर. झाले ५० मीटरच्या वर. वेग ८० असेल तर हाच आकडा ८० मीटरच्या आसपास जातो. मोटारीच्या डीम लाइटचा उपयोगी उजेड साधारण ४०-५० मीटर पोचतो, आणि ताशी तीन-चार किलोमीटरने चालणारी बैलगाडी त्याच्यापुढे उभ्या भिंतीसारखीच. तेव्हा नुसत्या समोरच्याच्या लाइटवर विसंबून भागत नाही. आपला दिवा निदान १०० मीटरवरून ओळखू आला पाहिजे, आणि तपासायचाही त्याच अंतरावरून.

रंगांचा नियम सोपा: पुढे पांढरा, मागे लाल, बाजूला पिवळा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०८ नुसार मोटार वाहनाने पुढच्या बाजूला लाल दिवा दाखवायचा नाही आणि मागच्या बाजूला, काही अपवाद सोडले तर, लालशिवाय दुसरा दाखवायचा नाही. बैलगाडी मोटार वाहन नाही हे खरं, पण मागून येणाऱ्या चालकाच्या डोळ्याला सवय याच रंगांची असते. मागून पांढरा उजेड दिसला तर त्याला वाटतं समोरून मोटारसायकल येतेय, आणि तो त्या अंदाजाने गाडी चालवतो. हिरवा, निळा, रंग बदलत लुकलुकणारी माळ, यांपैकी काहीही लावू नका.

सामान

साधारण ६० मिमी तोंडाची चार्जिंगची बॅटरी. शक्यतो उष्ण, पिवळसर पांढऱ्या उजेडाची, कारण पुढे येईलच. बोर्ड बनवणाऱ्याच्या दुकानात एसीपी शीटचे (ॲल्युमिनियमचा पातळ थर असलेल्या, बोर्डासाठीच्या पत्र्याचे) ३ मिमी जाडीचे तुकडे आणि लाल-पिवळ्या पारदर्शक ॲक्रिलिकचे २ मिमीचे तुकडे उरलेले असतात, तेच मागून आणा. याशिवाय २५ मिमी रुंदीची लोखंडी पट्टी, १० मिमीची सळई, ६, ८ आणि १० मिमीचे बोल्ट, एक नायलॉक नट (हिसक्याने सैल न होणारा), एक विंग नट (हाताने फिरवायचा), दोन होज क्लिप, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, सिलिकॉन आणि काळा मॅट रंग. ड्रिल, होल सॉ (ड्रिलला लावून गोल भोक कापायची करवत) आणि कानस पाहिजे. वेल्डिंगचं काम गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या.

आकाशकंदिलाचा जिलेटिन पेपर मात्र वापरू नका. घरात तो छान दिसतो, पण उन्हाने विटतो आणि दवाने लोळागोळा होतो. लाल विटून गुलाबी झाला की लांबून तो पांढराच दिसतो.

चकती

एसीपीवर १९० मिमी व्यासाचं वर्तुळ काढून कापा. मध्यभागी ६ मिमीच्या बोल्टसाठी छिद्र. मध्यापासून ५० मिमी अंतरावर, एकमेकांपासून १२० अंशांवर तीन खुणा करा आणि प्रत्येक खुणेवर होल सॉने ६५ मिमीची खिडकी पाडा. एक खिडकी उघडी राहील, पांढऱ्या उजेडासाठी. दुसरीवर लाल, तिसरीवर पिवळं ॲक्रिलिक.

आता प्रत्येक खिडकीच्या बरोबर विरुद्ध बाजूला, मध्यापासून २० मिमीवर, ४ मिमीचं एकेक छिद्र पाडा. यात अडकवायची पिन घातली की चकती जागेवर राहते. चकतीला दोन्ही बाजूंनी काळा मॅट रंग द्या. चकचकीत एसीपी तसाच ठेवला तर बॅटरीचा उजेड त्यावरून परतून कडेने पांढरा दिसतो आणि लालचा सगळा परिणाम जातो.

ॲक्रिलिक ७५ मिमी व्यासाचं गोल कापा. ड्रिल मारणार असाल तर हळू वेगाने; घाई केली की तडकतं. चिकटवण्याआधी लाल आणि पिवळ्या तुकड्यांची आतली बाजू २२० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल गोल घासून धुरकट करा. ही पायरी गाळू नका. बॅटरीचा झोत अरुंद असतो. पारदर्शक लाल काचेतून तो सरळ रेषेत असलेल्याच्या डोळ्यांत घुसतो, आणि वळणावरून, थोडा बाजूने येणाऱ्याला दिसतच नाही. घासलेल्या काचेने उजेड पसरतो, सगळी खिडकी लाल पेटलेली दिसते. झोत कमी होतो, पण इथे आपल्याला रस्ता उजळायचा नाही, आपण स्वतः दिसायचंय.

आता त्या उष्ण उजेडाबद्दल. पांढरी एलईडी म्हणजे निळी चिप आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर. थंड, निळसर पांढऱ्या एलईडीत लाल भाग मुळातच थोडा असतो, आणि लाल काच तर बाकी सगळं अडवते, मग पलीकडे येतं ते मरगळलेलं. पिवळसर एलईडीत लाल भाग जास्त, म्हणून तीच बरी. पूर्वी रेल्वेच्या रॉकेलच्या दिव्यांची अडचण याच्या उलट होती: ज्योत पिवळी, त्यामुळे हिरव्या सिग्नलची काच मुद्दाम निळसर करावी लागे, तेव्हा लांबून ती हिरवी दिसे. काच आणि दिवा नेहमी जोडीने निवडायचे असतात. ज्याला पांढऱ्या उजेडाची गरजच नाही, कायम मागे लावायचाय, त्याने ही चकती वगैरे सोडून सरळ लाल एलईडीचा दिवा घ्यावा. कमी बॅटरीत जास्त लाल मिळतो.

पिन पडली तर?

रस्ता म्हणजे खड्डे, आणि पिन आज ना उद्या हिसक्याने पडणारच. चकती सैल झाली तर ती आपोआप लालवर आली पाहिजे. खांबावर हलता हात असलेल्या जुन्या रेल्वे सिग्नलमध्ये हीच युक्ती असे: तार तुटली तर हात वजनाने ‘थांबा’ या स्थितीत परत जाई.

त्यासाठी बॅटरी वर आणि चकतीचा मधला बोल्ट तिच्या ५० मिमी खाली ठेवायचा, म्हणजे वापरातली खिडकी नेहमी सर्वांत वर येईल. लाल खिडकीच्या बरोबर विरुद्ध बाजूला, चकतीच्या कडेला, १० मिमीच्या बोल्टवर दोन-तीन जड नट घट्ट कसून टाका. हे वजन खाली ओढलं गेलं की लाल खिडकी वर, बॅटरीसमोर येते. मधल्या बोल्टवरचा नायलॉक नट एवढाच आवळा की चकती डगमगणार नाही, पण अडकणारही नाही. दोन्ही बाजूंना वॉशर घाला. मग पांढऱ्यावर लावून पिन उपसून बघा: चकती स्वतःहून फिरून लालवर थांबली तर जमलं. मध्येच थांबली तर वजन वाढवा किंवा नट अर्धा फेरा सैल करा. धुळीने घासायला लागते, म्हणून दर आठवड्याला बोल्ट पुसून घ्या. तेल घातलं तर उलट धूळ जास्त धरते.

बॅटरीची बैठक

लोखंडी पट्टी ‘एल’ आकारात वाकवा. आडवा भाग २०० मिमी, खाली वळलेला ५५ मिमी. आडव्या भागावर बॅटरी ठेवून दोन होज क्लिपांनी बांधा. तिचं तोंड अंगापेक्षा मोठं असेल तर अंगाखाली ट्यूबच्या घड्या घालून तेवढी भर द्या, नाहीतर बॅटरी नाक वर करून बसेल. खाली वळलेल्या भागात, बॅटरीच्या मध्यापासून ५० मिमी खाली चकतीच्या बोल्टचं छिद्र आणि त्याच्या २० मिमी खाली पिनेचं छिद्र. बॅटरीचं तोंड आणि चकती यांत दोन-तीन मिमी फट ठेवा आणि तोंडाभोवती पीव्हीसी पाइपची कडी बसवून ती फट झाका. त्या फटीतून पांढरा उजेड गळू देऊ नका. कडीला खालच्या बाजूला एक बारीक छिद्र ठेवा, दवाचं पाणी तिथून निघून जातं. पिनेला दोरी बांधून ती पट्टीला अडकवा.

दाताळं

१० मिमी सळईचे ४५ सेंमीचे दोन तुकडे एकमेकांपासून १० सेंमीवर समांतर ठेवून, मागच्या बाजूने एका आडव्या पट्टीला वेल्ड करा. टोकं किंचित निमुळती, पण धारदार नकोत. एकाच सळईने भागणार नाही, कारण हिसक्यांनी ती मोळीत गरगर फिरते आणि दिवा जमिनीकडे बघू लागतो. आडव्या पट्टीवर उभा कान वेल्ड करून त्यात ८ मिमीचं छिद्र पाडा. ‘एल’ पट्टीचं मागचं टोक तापवून ९० अंशांत पिळा आणि तेही तिथेच छिद्र पाडून विंग नटाने कानाला जोडा. गाडी भरताना उसाचा कल कधी वर, कधी खाली असतो. हा सांधा सैल करून दिवा दर वेळी सरळ करता येतो.

रिकाम्या गाडीसाठी साट्याच्या मागच्या बाजूला अर्धा इंची पाइपचे दोन तुकडे यू क्लॅम्पने बसवा, त्यात हेच दात घुसतात. टायरगाडी बहुधा कारखान्याची असते, तेव्हा तिला वेल्डिंग किंवा छिद्र करण्यापेक्षा क्लॅम्प बरा. हंगाम संपला की काढून घेता येतो.

लावताना

गाडी भरून दोर आवळल्यावरच दाताळं खुपसा, आधी नाही. जागा: मालाचं सर्वांत मागचं टोक, उजवीकडची कड, माणसाच्या छातीएवढी उंची. आपण डावीकडून चालतो, ओलांडणारा उजवीकडून जातो, म्हणून दिवा एकच असेल तर तो उजवीकडे. दाताळ्याला जाड सुतळी बांधून ती गाडीच्या दोराला पक्की करा. सुटलंच तर ते रस्त्यावर न पडता लोंबत राहिलं पाहिजे. समोरचं वाढं कोयत्याने छाटून खिडकीभोवती हातभर जागा मोकळी करा.

मग एकाने बैलांजवळ थांबावं आणि दुसऱ्याने मागे १०० मीटर चालत जाऊन बघावं. सरळ मागून बघा, मग रस्त्याच्या दोन्ही कडांवरून बघा. लाल खिडकी तिन्ही जागांवरून दिसली पाहिजे. डोळे दिपत असतील तर विंग नट सैल करून दिवा थोडा खाली झुकवा.

एकटा लाल ठिपका लांबून मोटारसायकलचा टेललाइट वाटतो आणि गाडीची रुंदी कळत नाही. डाव्या कडेला लाल रिफ्लेक्टर हवाच. हंगामाच्या सुरुवातीला बरेच कारखाने आणि परिवहन कार्यालयं रिफ्लेक्टर वाटतात. ते साट्याला न चिकटवता जुन्या फ्लेक्सच्या पट्टीवर चिकटवा आणि ती पट्टी मालाच्या टोकाला बांधा. रिफ्लेक्टर बॅटरी संपल्यावरही काम करतो, पण दुसऱ्याचा लाइट त्यावर पडला तरच. चिखल बसला की तोही गेला.

पिवळी खिडकी फक्त थांबलेल्या गाडीसाठी. चाक पंक्चर झालं, गाडी आडवी उभी आहे, तर दाताळं काढून बाजूने खुपसा आणि पिवळा दाखवा. मागे लालसाठी त्या वेळी दुसरी बॅटरी किंवा रिफ्लेक्टर लागेल. रेल्वे फाटकाजवळ थांबला असाल तर लाल दिव्याचं तोंड रुळांकडे करू नका. इंजिन चालकाला रुळालगतचा लाल दिवा म्हणजे थांबण्याची खूण.

बॅटरी किती पुरेल

आत एक १८६५० सेल असेल, २००० एमएएच आणि ३.७ व्होल्टचा, तर त्यात सात वॅट-तासांच्या आसपास वीज मावते. १ वॅटवर सहा-सात तास, ३ वॅटवर दोन-अडीच तास. दहा किलोमीटरच्या खेपेलाच तीन तास जातात, शिवाय गाडीतळावरची रांग. म्हणून रस्त्यावर कमी उजेडाच्या बटणावर ठेवा आणि एक भरलेला सेल खिशात असू द्या. सुट्ट्या सेलला कागद गुंडाळा, किल्ल्या-नाण्यांबरोबर ठेवू नका. लुकलुकणाऱ्या बटणाने वीज वाचते, पण मागच्याला अंतराचा अंदाज येत नाही, तेव्हा स्थिर लालच बरा.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला हा जोड मूळ टेललाइटच्या जागी चालणार नाही. तिथे वायरिंग दुरुस्त करून दोन्ही बाजूंचे दिवे आणि इंडिकेटर चालू करा, आणि मालाच्या टोकाला हा जास्तीचा म्हणून लावा. एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या असतील तर तो मागच्या ट्रॉलीला.

गव्हाणीवर, म्हणजे कारखान्यात ऊस टाकायच्या जागी, माल उतरवायच्या आधी दाताळं आठवणीने काढा. सळई उसाबरोबर आत गेली तर दिवा तर जाईलच, वर कारखान्याच्या कटरचं नुकसान होईल.