दाताच्या मुळावर रसायन लावून हिरडीच्या पेशी वाढवताय? या चुका टाळा

पेरिओच्या (हिरड्या आणि दातांच्या आधाराच्या शास्त्राच्या) जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी हा विषय घेतंच. पायोरियामुळे काढलेल्या दातांच्या मुळाचे काप करायचे, त्यांवर सायट्रिक ॲसिड, ईडीटीए (कॅल्शियम ओढून घेणारं रसायन) किंवा टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक लावायचं आणि हिरडीचे फायब्रोब्लास्ट, म्हणजे तंतू तयार करणाऱ्या पेशी, कुठल्या कापावर जास्त धरतात ते पाहायचं. विषय मला मनापासून आवडतो. रूट प्लेनिंग, म्हणजे मूळ खरवडून गुळगुळीत, केल्यावर मुळावर चुऱ्याचा पातळ लेप उरतो, तो स्मिअर लेयर. रसायन तो लेप काढतं, डेंटिनच्या (दाताच्या आतल्या कठीण थराच्या) नलिकांची तोंडं मोकळी करतं, आतल्या कोलॅजन या प्रथिनाचे तंतू उघडे पाडतं आणि पेशी त्या तंतूंना धरतात. 1970 च्या दशकात रजिस्टर आणि बर्डिक या संशोधकांनी प्राण्यांच्या दातांवर सायट्रिक ॲसिड लावून पाहिलं, तेव्हापासून हे काम चालू आहे. प्रयोग बिघडतो तो बहुतेक वेळा रसायन लावून झाल्यावर, धुण्याच्या पाच-दहा मिनिटांत.

दुसऱ्या वर्षाची एक मुलगी रडवेल्या चेहऱ्यानं माझ्याकडे आली होती. "मॅडम, ईडीटीए टॉक्सिक निघालं. चोवीस तासांत सगळ्या पेशी गोल होऊन तरंगायला लागल्या." तीनदा प्रयोग केला, तिन्ही वेळा तेच. निष्कर्षाचं पानसुद्धा लिहून झालं होतं. मी विचारलं, "अगं, काप धुतलेस कसे?" म्हणाली, "सलाइनमध्ये एकदा बुडवून काढले."

मी तिला फ्रीजमधली ट्रिप्सिन-ईडीटीएची बाटली आणायला लावली. पेशी फ्लास्कच्या तळापासून सोडवायला आपण रोज तीच वापरतो. तिच्यात ईडीटीए असतं साधारण 0.02 टक्के. मुळावर तिनं लावलेलं जेल होतं 24 टक्क्यांचं, म्हणजे बाराशे पट. पेशी पृष्ठभागाला धरून राहतात त्याला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लागतं, आणि ईडीटीए नेमकं तेच ओढून घेतं. नलिकांत जेल राहिलं होतं, ते मीडियममध्ये (पेशी वाढवायच्या पोषक द्रवात) उतरत होतं आणि पेशी सुटत होत्या. नीट धुतलेल्या कापांवर त्याच पेशी दुसऱ्या दिवशी पसरून, टोकं बाहेर काढून बसलेल्या दिसल्या. चार महिने गेले होते बिचारीचे.

माझी पद्धत अशी: पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या खारट द्रावणात) तीन वेळा, दर वेळी पाच मिनिटं, हलवत धुवायचं. मग काप सीरमवाल्या (रक्तद्रव घातलेल्या) मीडियममध्ये रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवायचे आणि सकाळी मीडियम बदलूनच कापांवर पेशी सोडायच्या. सायट्रिक ॲसिडच्या कापांना तर हे लागतंच, कारण ते ॲसिड पीएच 1 चं असतं. रात्रीत मीडियम पिवळं पडलं तर ॲसिड अजून आत आहे, परत धुवा. कंट्रोलचे, म्हणजे तुलनेसाठी रसायन न लावलेले, कापही याच सगळ्यातून गेले पाहिजेत, कारण सीरममधलं फायब्रोनेक्टिन (पेशींना धरायला मदत करणारं प्रथिन) त्यांवरही बसतं. "मॅडम, एक रात्र वाया जाते" असं दर वर्षी कोणीतरी म्हणतं. चार महिन्यांपुढे एक रात्र काही नाही.

दुसरी चूक मला याहून जास्त छळते, कारण तिच्यात आकडे छान येतात. चोवीस वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये काप ठेवला, वरून पेशी सोडल्या, तीन दिवसांनी त्याच वेलमध्ये एमटीटी (जिवंत पेशींत रंग बदलणारं रसायन) घातलं आणि 570 नॅनोमीटरला रीडिंग घेतलं. काप चार मिलिमीटरचा आणि वेल पंधरा-सोळा मिलिमीटरची! बहुतेक पेशी खालच्या प्लास्टिकवर वाढलेल्या असतात आणि त्या प्लास्टिकला तर पेशी धराव्यात म्हणूनच तयार केलेलं असतं. मग सगळे गट सारखे येतात आणि "फरक आढळला नाही" असं लिहिलं जातं. रीडिंगच्या आधी काप चिमट्यानं उचलून नव्या वेलमध्ये ठेवा, एवढंच करायचं आहे. मी तर रिकामी झालेली जुनी वेलही मायक्रोस्कोपखाली बघते. तळाशी किती पेशी होत्या ते दिसलं की विद्यार्थी पुन्हा ही चूक करत नाही. आणि एमटीटी पेशींचं चयापचय मोजतं, त्यांची संख्या नव्हे. एका दिवसाच्या रीडिंगवरून "वाढ" म्हणू नका. पहिला, तिसरा, सातवा दिवस घ्या.

बाकीच्या थोडक्यात. काढलेले दात फॉर्मालिनमध्ये ठेवू नका. कोलॅजन बदलतं आणि फॉर्मालिन पेशींना मारतं. हायपोक्लोराइटनं स्वच्छ केलेल्या मुळावर उघडं पाडायला कोलॅजनच उरत नाही. ब्रेसेससाठी काढलेला निरोगी दात पायोरियाच्या दाताचा कंट्रोल म्हणून चालत नाही. टेट्रासायक्लिन डेंटिनला चिकटून राहतं आणि स्वतःच चमकतं, म्हणून फ्लोरोसन्सवर, म्हणजे चमकणारा रंग देऊन, पेशी मोजत असाल तर पेशी न घातलेला टेट्रासायक्लिनचा काप आधी बघा. एसईएमसाठी (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी) काप हवेत वाळवला की कोलॅजनचे तंतू आडवे पडतात. मग फोटोत गुळगुळीत पृष्ठभाग दिसतो आणि दोष रसायनाला जातो. पेशी तिसऱ्या ते सहाव्या पॅसेजमधल्याच (वाढलेल्या पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवल्या की एक पॅसेज) घ्या, आणि सगळ्या गटांना एकाच पॅसेजच्या.

प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात "त्यामुळे रुग्णांमध्ये मूळ आणि ऊतींचा जोड पुन्हा तयार होईल" असं वाक्य आलं की मी लाल पेन काढते. 2003 मध्ये मारिओटी यांनी माणसांवरच्या चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा या तिन्ही रसायनांचा रुग्णाला म्हणावा असा फायदा दिसला नव्हता. शिवाय मुळावर आधी कोणत्या पेशी पोहोचतात यावर भरून येणं ठरतं, हे मेल्चर यांनी 1976 मध्येच मांडलं होतं, आणि नवा जोड तयार करायला लागणाऱ्या पेशी पेरिओडॉन्टल लिगामेंटमधून (मूळ हाडाला बांधणाऱ्या तंतूंच्या थरातून) येतात. तुम्ही वाढवल्यात त्या हिरडीच्या. म्हणून निष्कर्षात लिहायचं ते एवढंच: अमुक रसायन अमुक मिनिटं लावून इतक्या वेळा धुतलेल्या कापावर हिरडीचे फायब्रोब्लास्ट सातव्या दिवशी किती होते.