बैठका सुटल्या तरी मांड्या तशाच? भरलेला स्नायू उतरवायचा कसा

तालमीत पाच-सात वर्षं मेहनत केलेल्या पोराला नोकरी लागली, की पहिली अडचण पँटची होते. कमरेला बसते ती मांडीत चढत नाही, मांडीत चढते ती कमरेला ढगळ. फुटबॉल खेळणाऱ्यांचं, घाटात सायकल मारणाऱ्यांचं आणि जिममध्ये वर्षानुवर्षं स्क्वॉट मारणाऱ्या मुलींचंही हेच गाऱ्हाणं असतं. कारण कुठलंही असो, उपाय एकच. इथे तो मांडीवर सांगितला आहे, कारण सगळ्यात जास्त विचारणा तिचीच होते. दंड, खांदे किंवा मानेजवळचा उंचवटा उतरवायचा असला तरी रीत तीच.

आधी एक सल्ला डोक्यातून काढून टाका. "वजन कमी घे, रेप्स (म्हणजे उचलायचा आकडा) वाढव, म्हणजे स्नायू बारीक होतो" हे कोल्हापुरातल्या कुठल्याही जिममध्ये छातीठोकपणे ऐकायला मिळतं. तसं असतं तर पैलवानांच्या मांड्या काडीसारख्या झाल्या असत्या! बैठकेत बाहेरचं वजन शून्य आणि आकडा शेकड्यात, हजारात. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी, कुठल्याही तालमीत सकाळी डोकावून बघा. हलक्या भारानं थकेपर्यंत केलेलं कामही स्नायू भरतंच. मांडी उतरवायची तर मांडीचा कोणताही खास व्यायाम नको. ना हलका, ना 'टोनिंग'चा.

मांडीत भरलंय ते काय?

निम्म्या लोकांची तक्रार स्नायूची नसतेच, चरबीची असते. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून हे आधी ठरवा. शिंप्याकडची कापडी टेप घ्या. सकाळी, व्यायामाआधी, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा. जांघेची घडी आणि गुडघ्याच्या वाटीची वरची कड यांच्या बरोबर मध्ये पेनानं खूण करा आणि तिथे घेर मोजा. टेप कातडीला टेकावी, रुतू नये.

मग भार दुसऱ्या पायावर टाकून ही मांडी सैल सोडा आणि खुणेवर कातडीची उभी चिमट धरा. चिमटीत स्नायू आलाय अशी शंका असेल तर मांडी क्षणभर ताठ करा. स्नायू बोटांतून निसटतो, उरते ती कातडी आणि चरबी. पुन्हा सैल सोडा आणि बोटांच्या सेंटिमीटरभर खाली चिमटीची जाडी मोजा. त्यासाठी खास यंत्र विकत घेऊ नका. शिरोली नाहीतर उद्यमनगरातल्या कारखान्यात कामाला असलेला एखादा तरी ओळखीत असतोच, त्याच्याकडून व्हर्नियर (दोन जबड्यांत धरून जाडी मोजायची पट्टी) मागून आणा. जबडे नुसते टेकवा, दाबू नका. दोन सेकंद थांबून आकडा वाचा. तीनदा मोजून मधला आकडा धरा.

आता हिशोब. चिमटीच्या जाडीला ३.१४ नं गुणा आणि ते घेरातून वजा करा. उरतो तो साधारण स्नायूचा आणि हाडाचा घेर. समजा घेर ६२ सेंमी आणि चिमट २ सेंमी, तर ६२ वजा ६.३ म्हणजे ५५.७. तीन महिन्यांनी घेर ५९ आणि चिमट १.९ आली, तर ५३ उरले, म्हणजे स्नायू उतरला. पण घेर ५९ आणि चिमट १.१ आली, तर उरतात ५५.५. गेली ती चरबी, स्नायू जागच्या जागी आहे. नुसत्या टेपनं हा फरक कधीच कळत नाही, आणि लोक सहा-सहा महिने भलत्याच गोष्टीमागे धावतात.

चिमटच जाड निघाली तर पुढचं वाचू नका. एका जागेची चरबी व्यायामानं निवडून काढता येत नाही. सगळ्या अंगाची कमी करावी लागते आणि ती कुठून आधी जाईल हे शरीर ठरवतं.

काम काढून घेणं: इथेच सगळे अडकतात

स्नायू टिकवायला शरीराला खर्च पडतो. काम मिळत असेल तर ते तो खर्च करतं, काम थांबलं की हळूहळू आवरतं. वाचायला सोपं आहे, पण करताना माणसं "थोडंफार चालू ठेवतो" म्हणतात आणि तिथेच गाडी रुतते. तरुण माणसात, जेवढ्या व्यायामानं स्नायू वाढला त्याच्या नवव्या हिश्श्याइतका व्यायामही तो टिकवायला पुरतो, असं मोजून पाहिलेलं आहे. पूर्वी आठवड्याला पायांचे अठरा सेट (न थांबता केलेली एक फेरी म्हणजे एक सेट) होत असतील तर दोन सेट पुरे. म्हणजे "आता आठवड्यातून एकदाच पाय मारतो" म्हणणारा माणूस मांडी कमी करत नाही, जपून ठेवतो. वर्षभरानं टेप तिथेच असते आणि तो म्हणतो, आमची हाडंच जाड.

म्हणून निम्मं करणं, हलकं करणं, एक दिवसाआड करणं, यातलं काहीच चालत नाही. निदान तीन महिने मांडीवरचा जोराचा भार पूर्ण बंद. बैठका, स्क्वॉट, लेग प्रेस, लंजेस बंद करायचे हे कुणालाही कळतं. खरा घोळ लपलेल्या कामात आहे.

तालीम सोडलेला गडी सकाळी नुसता अंग मोकळं करायला जातो आणि फावडं घेऊन हौदा, म्हणजे कुस्तीची माती, खणतो. अर्ध्या वाकलेल्या पायांवर लाल माती उलथणं हा मांडीचा भरभक्कम व्यायाम आहे. सपाट्यांत (जोर आणि बैठक एकत्र) पाय लागतातच. जोडीदाराला खांद्यावर घेऊन चालणं तर सांगायलाच नको. "मी फक्त वरच्या अंगाची मेहनत करतो" म्हणणाऱ्याची मेहनत एकदा शेजारी उभं राहून बघा, निम्म्या वेळी पाय वाकलेले दिसतील. जिमवाल्यांचा डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून वजन उचलणं, पाठीच्या दिवशी असतो म्हणून मोजलाच जात नाही.

खेळाचंही तसंच. पेठेच्या संघातून रविवारी तासभर फुटबॉल म्हणजे पन्नासेक वेळा झपाट्यानं पळणं आणि थांबणं. थांबताना मांडीच्या पुढच्या भागावर येणारा ताण पळण्यापेक्षाही जास्त. जोतिबाच्या पायऱ्या, पन्हाळ्याचा चढ, ट्रेडमिलवर उतार लावून चालणं, सायकल जड गिअरवर दाबणं, सगळं याच खात्यात. चढावर चालल्यानं पाय 'सडपातळ' होतात म्हणून रोज टेकडी गाठणारे भेटतात. त्यांना हात जोडावेत.

पण दुसरं टोकही गाठू नका. ऑफिसचा दोन मजली जिना, मंडईतून पिशव्या आणणं, भारतीय बैठकीचा संडास, यांनी काही बिघडत नाही. लिफ्ट शोधत फिरायचं कारण नाही. ओळखायची खूण साधी: जे काम आता केलंत तेच थांबून न राहता लगेच दुपटीनं करता येईल असं वाटत असेल तर ते चालेल. मांडी पेटली, पाय थरथरले किंवा दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांडी धरली, तर ते काम बंद. पहिल्या पंधरवड्यात एका वहीत रोज एवढंच लिहा की मांडीला आज कशामुळे जाणवलं. चोर त्या वहीतच सापडतो.

बंद केलेल्या कामाच्या जागी सपाट रस्त्यावर चालणं ठेवा, रंकाळ्याच्या कडेनं रोज ४५ मिनिटं ते तास. सवय असेल तर बोलता येईल इतक्या संथ वेगानं लांब धावा, पण वेगाच्या फेऱ्या आणि चढ टाळून. वरच्या अंगाची मेहनत मात्र पूर्वीसारखीच, आठवड्यातून दोन-तीनदा, जोरात. ती सोडली तर मांडीबरोबर छाती-दंडही उतरतात आणि माणूस आजारी दिसायला लागतो.

पोलीस भरतीच्या पोरांना एक वेगळं सांगणं. १६०० मीटरसाठी मांड्या जड वाटतात हे खरं. पण त्याच मैदानी चाचणीत १०० मीटर आणि गोळाफेकही आहे, आणि दोन्हींचा जोर मांडीतूनच येतो. भरती तोंडावर असेल तर हा उद्योग करू नका. पोटाची चरबी उतरवा, तेवढ्यानंही वेळ सुधारतो.

खुराक

मेहनत सुटते, खुराक सुटत नाही. "व्यायाम सोडला की स्नायूची चरबी होते" असं म्हणतात ते चूक आहे. स्नायूची चरबी होत नाही. स्नायू आपल्या वाटेनं उतरतो आणि खर्च न झालेला खुराक पोटावर बसतो. लिटरभर म्हशीचं दूध म्हणजे हजाराच्या आसपास कॅलरी आणि ३५ ते ४० ग्रॅम प्रथिनं. थंडाईतले पन्नास बदाम म्हणजे आणखी साडेतीनशे कॅलरी. एवढं पोटात जात असताना बैठका बंद केल्या तर मांडी उतरेलही, पण वरून चरबीचा थर चढेल आणि टेप हलणार नाही.

कट्ट्यावर जाऊन पिता ते म्हशीचं दूध पेलाभरावर आणा, थंडाई आणि तूप-खारीक बंद करा. प्रथिनं वजनाच्या किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास ठेवा. ७५ किलोच्या माणसाला ७५ ग्रॅम पुरतात: दोन अंडी, पेलाभर दूध, दोन वेळची डाळ-उसळ, भाकरी, आणि अधूनमधून मटण. प्रोटीन पावडर कपाटात. उपाशी राहून घाई करू नका. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त वजन उतरत असेल तर शरीर निवड करत नाही, सगळीकडून काढतं. तांबडा-पांढरा रस्सा सोडायची गरज नाही, त्यासोबतच्या चौथ्या भाकरीकडे बघा.

किती दिवस?

पहिल्या दहा-पंधरा दिवसांत टेप सेंटिमीटरभर खाली येते आणि लोक खूश होतात. तो स्नायू नसतो. मेहनत करणाऱ्या स्नायूत साखरेचा साठा असतो आणि त्याच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी. काम थांबलं की हे आधी ओसरतं. त्यानंतर तीन-चार आठवडे आकडा हलत नाही, आणि नेमक्या याच वेळी कुणीतरी मालिश, घामाचा पट्टा नाहीतर मांडीला प्लास्टिक गुंडाळायचा सल्ला देतो. दाबून मालिश केल्यानं स्नायू विरघळत नाही आणि घामातून फक्त पाणी जातं. पंधरा दिवसांतून एकदाच मोजा. डोळ्यांना दिसेल असा फरक तीन महिन्यांत, पुरेसा फरक सहा महिन्यांत. दहा वर्षं बैठका मारल्या असतील तर आणखी वेळ द्या, आणि मूळ हाडापेरापलीकडे काही उतरणार नाही हेही धरून चाला.

पोटरीच्या बाबतीत आशा कमी ठेवा. प्रत्येक पावलाला ती वापरली जाते, त्यामुळे तिचं काम काढून घेताच येत नाही. तिचा आकार बराचसा जन्मानंच ठरतो. चवड्यावर धावणं, दोरीउड्या आणि उंच टाचा बंद करा, एवढंच हातात आहे. पोटरीत किंवा जबड्याच्या स्नायूत बोटॉक्सची सुई देऊन तो बारीक करतात, पण त्याचा परिणाम काही महिन्यांनी ओसरतो आणि पुन्हा सुई लागते. जबडा भरलेला असेल तर आधी दंतवैद्याला विचारा, झोपेत दात आवळायची सवय असू शकते.

हे कुणी करू नये

गुडघ्याच्या लिगामेंटची किंवा गादीची दुखापत झालेल्यांनी मांडी उतरवू नये. त्या गुडघ्याला आधार मांडीचाच असतो. साखरेचा आजार असणाऱ्यांनीही नको, रक्तातली साखर उचलणारं सगळ्यात मोठं कोठार स्नायूच आहे. चाळिशी ओलांडली असेल तर पँट बदला, मांडी नको. या वयानंतर स्नायू परत मिळवणं कष्टाचं असतं.

आणि ही लक्षणं असतील तर टेप बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा: एकच पाय जाड झालाय, बोट दाबल्यावर खळगा राहतो, किंवा पाय लाल, गरम, दुखरा आहे. अचानक सुजलेली, दुखणारी एक पोटरी म्हणजे शिरेत रक्ताची गाठ असू शकते, तिला त्याच दिवशी दाखवा. बाईचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत जाड, पावलं मात्र बारीक, दाबल्यावर दुखतात आणि जरा लागलं तरी काळंनिळं होतं, तर तो चरबीचाच वेगळा आजार असू शकतो. लहान मुलाच्या पोटऱ्या टणक भरलेल्या दिसतात आणि तरी तो सारखा पडतो, उठताना मांडीवर हात टेकतो, तर त्याला पैलवान म्हणून कौतुक करत बसू नका, बालरोगतज्ज्ञाकडे न्या.

हवा तेवढा उतरल्यावर

आता तोच नववा हिस्सा कामाला येतो. कायम बंद ठेवलं तर मांडी हवी त्यापेक्षा खाली जाईल आणि गुडघे कुरकुरतील. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस बैठका, पाय पेटायच्या आत थांबून. पूर्वी भरलेला स्नायू नव्यापेक्षा लवकर परत येतो, म्हणून "बघू जमतात का" म्हणून शंभर मारायला जाऊ नका. महिन्यातून एकदा टेप आणि चिमट दोन्ही मोजा. स्नायूचा घेर सेंटिमीटरनं वर गेला तर महिनाभर त्या वीसही बंद.